वायर लावूनही नेट स्लो? अडतंय कुठे, ते असं शोधा

वायफाय स्लो असलं की भिंत, अंतर, शेजारचं राउटर अशी दहा कारणं सांगता येतात. पण राउटरमधून निघालेली वायर सरळ कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलेली आहे आणि तरीही सातबाऱ्याचा पीडीएफ उघडायला पाच मिनिटं लागतात, तेव्हा कारणं मोजकी असतात आणि शोधली तर सापडतात. गावात बहुतेकदा शोध बाजूला राहतो. आधी राउटर बदललं जातं, मग मोठा प्लॅन घेतला जातो, आणि महिन्याभराने कळतं की दाराच्या चौकटीत दबलेल्या वायरचा एक तार तुटला होता.

ठिबकच्या शेवटच्या नळीला पाणी येत नसेल तर आपण नवीन मोटर आणत नाही. विहिरीपासून फिल्टर, व्हॉल्व्ह, लॅटरल असं एकेक तपासत जातो. इथेही तसंच करायचं, फक्त उलट्या दिशेने: कॉम्प्युटर, वायर, राउटर, फायबरचा डबा, आणि मग नेटवाल्याची लाइन. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलल्यावर लगेच मोजायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही.

आधी आकड्यांचा घोळ मिटवा

प्लॅनमधला आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि फाइल उतरताना दिसणारा आकडा मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइटने उतरणार, आणि प्रत्यक्षात ११ च्या आसपास दिसलं तरी ते पूर्ण स्पीड आहे. ७०० एमबीची फाइल साधारण एका मिनिटात उतरत असेल तर तक्रारीला जागा नाही.

स्पीड मोजताना घरातले सगळे मोबाइल वायफायवरून काढा, टीव्ही बंद करा, ब्राउझरमध्ये एकच टॅब ठेवा आणि तीनदा मोजा. तिन्ही आकडे, वेळ आणि तारीख वहीत लिहा. ही वही शेवटी कामाला येते. डेटा मर्यादा संपली आहे का, तेही नेटवाल्याच्या ॲपमध्ये आधीच बघून घ्या. मर्यादेनंतर स्पीड मुद्दाम कमी केला जातो, आणि मग घरातल्या वायरीला दोष देऊन उपयोग नाही.

हाताशी लागेल ती एक वस्तू म्हणजे कंपनीतच दोन्ही टोकांचे जॅक दाबून बसवलेली (क्रिंप केलेली), एक-दीड मीटरची चांगली पॅच कॉर्ड, म्हणजे तयार छोटी नेटची वायर. तिच्यावर कॅट ५ई किंवा कॅट ६ हा वायरचा दर्जा छापलेला असावा. ही कॉर्ड फक्त तपासणीसाठी ठेवा, कुठे कायमची लावू नका.

लिंक स्पीड बघा, अर्धं निदान इथेच होतं

विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट उघडा. खाली ‘लिंक स्पीड’ अशी ओळ दिसेल. जुन्या विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलमधून नेटवर्क कनेक्शन्स उघडून इथरनेटच्या चिन्हावर दोनदा क्लिक केलं की ‘स्पीड’ समोर येतो. कॉम्प्युटर आणि राउटर यांनी वायरीवरून आपसात ठरवलेला हा वेग आहे. नेटवाल्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आकडा १००० किंवा १.० जीबीपीएस असेल तर वायर आणि पोर्ट बहुधा ठीक. १०० असेल तर स्पीड टेस्टमध्ये ९५ च्या वर कधीच जाणार नाही, प्लॅन २०० चा असो की ५०० चा. स्पीड टेस्ट दर वेळी ९३, ९४, ९५ वरच येऊन थांबत असेल तर लिंक न बघताही ओळखता येतं की लिंक १०० वर अडकली आहे. आकडा १० दिसला तर वायर, जॅक किंवा पोर्ट बहुधा खराब आहे.

१००० ऐवजी १०० का ठरतं? १०० च्या लिंकला वायरमधल्या आठ तारांपैकी चारच लागतात: पिन १, २, ३ आणि ६. १००० ला आठही तार लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतला एक जरी तार तुटला, तरी नेट बंद पडत नाही, ते चुपचाप १०० वर येतं. म्हणूनच हा दोष महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही.

पण प्लॅनच ४० किंवा ५० चा असेल तर १०० ची लिंक पुरेशी आहे. तिच्या मागे लागू नका, पुढे जा.

आता पिंग

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटा निरोप पाठवून उत्तर किती वेळात येतं ते मोजणं. कमांड प्रॉम्प्ट उघडा. पिंग असा शब्द, मग जागा सोडून राउटरचा पत्ता, मग जागा सोडून डॅश एन, आणि मग ५० लिहून एंटर दाबा. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर छापलेला असतो. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे.

वायरवरून राउटरचं उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत यायला हवं आणि ५० पैकी ५० उत्तरं परत यायला हवीत. एक-दोन जरी हरवली तरी दोष घरातच आहे. वायफायवर एखादं पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) हरवणं चालून जातं, वायरवर चालत नाही. राउटरचा पिंग स्वच्छ असेल तर तीच कमांड ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या गूगलच्या पत्त्याला द्या. इथे उत्तरं हरवत असतील किंवा वेळ ३० वरून ३०० वर उड्या मारत असेल तर अडचण राउटरच्या पुढे आहे.

वायर: सगळ्यात जास्त दोष इथेच

लांब वायर काढा, कॉम्प्युटर उचलून राउटरजवळ न्या आणि तपासणीची कॉर्ड लावून पुन्हा लिंक व स्पीड बघा. डेस्कटॉप हलवणं जिवावर येत असेल तर कोणाचा तरी लॅपटॉप मागा. स्पीड वाढला तर गुन्हेगार लांब वायर आहे. मग ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी चाचपत जा: दारात दबलेली, खिळा आरपार गेलेली, पाय ठेवून चपटी झालेली, उंदराने कुरतडलेली. माळ्यावरून किंवा कवेलूखालून गेलेली वायर उंदीर आणि खार हमखास खातात. वरचं कव्हर शाबूत दिसलं तरी आत मुरड पडलेली असू शकते, म्हणून नुसतं डोळ्यांनी बघू नका.

मग जॅक बघा. प्लास्टिकची क्लिप तुटली असेल तर जॅक पोर्टमध्ये सैल बसतो, टेबलाला धक्का लागला की लिंक तुटते, पुन्हा जुळते आणि कधी १००० ऐवजी १०० वर जुळते. जॅक उजेडात धरून आतल्या आठ सोनेरी पट्ट्या बघा. काळ्या किंवा हिरवट झाल्या असतील तर ओल लागली आहे. खिडकीतल्या कूलरजवळ राउटर ठेवलेल्या घरांत मे महिन्यात हे हमखास दिसतं. घासून चमकवत बसण्यात अर्थ नाही, जॅक कापा आणि नवीन लावा.

नवीन जॅक लावताना क्रम असा. क्लिप मागे, वायर खाली आणि पट्ट्या तुमच्याकडे ठेवून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका आणि वायरचं बाहेरचं कव्हर जॅकच्या आत जाऊनच दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ओढ थेट बारीक तारांवर येते.

इथे एक चूक इतकी सर्रास होते की वेगळी सांगायला हवी. लावणारा माणूस सोयीसाठी रंग जोडीने लावतो: नारिंगीची जोडी, मग हिरव्याची, मग निळ्याची, मग तपकिरीची. दोन्ही टोकांना सारखंच लावलं की टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि वायर पास होते. पण पिन ३ आणि ६ एकाच पिळातल्या असाव्या लागतात. या क्रमात ३ वर पांढरा-हिरवा येतो आणि ६ वर निळा, म्हणजे दोन वेगळ्या पिळांतले तार. पिळाचं कामच बाहेरचा आणि शेजारच्या जोडीचा गोंगाट मारणं. तो पीळ मोडला की पाच-सात फुटांवर काही जाणवत नाही, पण २०-३० मीटरवर पाकिटं हरवू लागतात. साधा टेस्टर फक्त तार जोडलेला आहे का एवढंच बघतो, जोडी बरोबर आहे का ते त्याला कळत नाही. म्हणून टेस्टर पास म्हणाला तरी पारदर्शक जॅकमधले रंग स्वतः वाचा.

वायर विकत घेताना वजनावरून आणि ब्लेडवरून पारख करा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर स्वस्तात मिळते आणि तिच्यावरही कॅट ६ छापलेलं असतं. एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत चांदीसारखा रंग निघाला तर ॲल्युमिनियम, आरपार तांबूस निघाला तर तांबं. ॲल्युमिनियमचा तार दोन-चार वेळा वाकवला की तुटतो, आणि त्याचा रोध तांब्यापेक्षा बराच जास्त असतो. खोलीतल्या खोलीत ती चालून जाईल, घरापासून कोठ्यापर्यंत किंवा दुकानापर्यंत नेणार असाल तर घेऊ नका. चांगल्या तांब्याच्या वायरचीही मर्यादा १०० मीटर आहे, मधले सगळे तुकडे धरून.

लांबी वाढवायला दोन वायरी पिळून टेप गुंडाळण्याची पद्धत सोडा. दोन जॅक जोडणारा कपलर वापरा, तोही एकच. विजेच्या वायरसोबत एकाच पट्टीतून नेट नेऊ नका. मोटर पंपाचा किंवा कूलरचा स्टार्टर पडला की तिथे गोंगाट उठतो, शिवाय कव्हर वितळलं तर जिवावर बेतेल. निदान एक फूट अंतर ठेवा, आणि ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. उघड्यावर आतल्या वापराची पांढरी-राखाडी वायर टाकली तर विदर्भाच्या उन्हात तिचं कव्हर तडकतं आणि मृगाच्या पहिल्या पावसात पाणी आत शिरतं. बाहेर काळ्या जाड कव्हरची वायर लागते. घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकून जातं.

पोर्ट कोणता आहे

नेटवाल्याने लावलेल्या फायबरच्या डब्याला बऱ्याचदा चार पोर्ट असतात, पण चारही सारखे असतीलच असं नाही. एक पोर्ट १००० चा आणि बाकीचे तीन १०० चे, असे डबे भरपूर आहेत. जलद पोर्ट बहुधा पहिला असतो, त्याच्यावर किंवा स्टिकरवर ‘जीई’ लिहिलेलं असतं, आणि बाकीच्यांवर ‘एफई’. वायर एफईमधून काढून जीईमध्ये घातली की काही वेळा एवढ्यानेच काम होतं. स्वतःचं वेगळं राउटर लावलं असेल तर त्याचेही पोर्ट तपासा. ३०० म्हणून विकलेल्या बहुतेक स्वस्त राउटरांत ३०० हा आकडा वायफायचा असतो, वायरीचे पोर्ट १०० चेच असतात.

कॉम्प्युटरकडचंही बघा. जुन्या डेस्कटॉपमधलं कार्ड किंवा यूएसबी २ चं लॅन कन्व्हर्टर असेल तर बऱ्याचदा १०० च्या वर जात नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या ॲडव्हान्स्ड टॅबवर ‘स्पीड अँड डुप्लेक्स’ हा पर्याय असतो, तो ‘ऑटो निगोशिएशन’ वरच ठेवा. कोणी हौसेने ‘१०० फुल’ करून ठेवलं असेल तर राउटर समोरून हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकानेच बोलायचं) धरतं, दोघं एकमेकांच्या बोलण्यात बोलतात आणि स्पीड अगदी खाली येतो.

मध्ये छोटा स्विच असेल तर त्याच्या वायरी मोजा. साफसफाईत निघालेली मोकळी वायर दोन्ही टोकांनी त्याच स्विचमध्ये खोचली गेली की सगळे दिवे वेड्यासारखे लुकलुकतात आणि अख्ख्या घराचं नेट गारठतं. तशी वायर काढा, मिनिटभरात सुरळीत होईल.

ऊन, कूलर आणि लाईट

घरगुती राउटरांच्या कागदावर बहुधा ४० अंशांपर्यंतचंच तापमान लिहिलेलं असतं. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि टिनाच्या छताखाली त्याहून जास्त. दुपारी १ ते ५ स्लो, रात्री उशिरा ठीक, असं रोज होत असेल तर राउटर तापतं आहे. ते कपाटातून किंवा टीव्हीच्या मागून काढून भिंतीवर, छतापासून खाली, मोकळ्या हवेत लावा. कूलरच्या थेट झोतात मात्र नको, त्या हवेत ओल असते.

लाईटचा खेळ वेगळा. ॲडॅप्टर जुना झाला की राउटरचे दिवे लागतात, पण काम वाढलं की पुरेसा करंट मिळत नाही आणि राउटर अडखळतं किंवा आपोआप रीस्टार्ट होतं. ॲडॅप्टर बदलताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, आणि पिनची आतली-बाहेरची बाजू तीच हवी. १२ व्होल्टच्या राउटरला सेट टॉप बॉक्सचा ९ व्होल्टचा ॲडॅप्टर बसतो म्हणून लावू नका. लाईट वारंवार जात असेल तर १२ व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस घ्या, म्हणजे दर वेळी डबा नव्याने सुरू होण्यात दोन-तीन मिनिटं जाणार नाहीत.

वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की ॲडॅप्टरसोबत लॅनची वायरही काढा. विजेच्या झटक्याने पोर्ट पूर्ण मेला तर कळतं तरी, अर्धा मेला तर तो १० किंवा १०० वर लिंक देत राहतो. एका पोर्टवर लिंक कमी आणि शेजारच्या पोर्टवर त्याच वायरीने पूर्ण, असं दिसलं तर तो पोर्ट गेला समजा आणि त्याच्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. घर आणि वावरातलं शेड जोडायचं असेल तर मधला टप्पा फायबरचाच करा, काचेतून विजेचा झटका येत नाही.

फायबर आणि डिश

डब्यावर लाल ‘लॉस’ दिवा लागला तर उजेड येतच नाही, तिथे नेटवाल्याला फोन करण्याशिवाय इलाज नाही. लाल दिवा नसूनही शंका असेल तर डब्याच्या पानावर लॉगिन करून ‘ऑप्टिकल’ या नावाच्या भागात ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या उजेडाचं माप, बघा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम चांगलं. उणे २७ च्या पलीकडे गेलं तर चुका वाढतात आणि लाइन तुटत राहते. दर ३ डीबीला उजेड निम्मा होतो, म्हणून उणे २१ वरून उणे २७ वर येणं म्हणजे चौथाई उजेड उरणं.

घरातली पिवळी किंवा पांढरी बारीक फायबर खिळ्याला घट्ट गुंडाळली असेल तर सोडवा आणि कपबशीच्या बशीएवढा गोल ठेवा. हिरव्या टोकाची पिन हिरव्यातच बसवा, निळ्यात नाही. टोकात डोळा लावून बघू नका, आतला उजेड दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो. बाहेरचं तुमच्या हातात नाही: पऱ्हाटीने किंवा कुटाराने भरलेल्या ट्रॉलीने ओढलेली, वानरांनी झोके घेतलेली केबल जोडायला स्प्लायसिंग मशीन लागतं. पण रस्त्यावर केबल लोंबताना दिसली तर फोटो काढून पाठवा, माणूस लवकर येतो.

छतावरच्या डिशने नेट येत असेल तर डिशपासून खाली येणारी वायर पहिली संशयित. तीच वीजही वर नेते, बहुधा निळ्या आणि तपकिरी जोडीतून. खालच्या छोट्या ॲडॅप्टरवर ‘लॅन’ आणि ‘पीओई’ अशी दोन तोंडं असतात. डिश पीओईला, राउटर लॅनला. उलटं केलं तर राउटरचा पोर्ट जळू शकतो. सिग्नल उणे ५० ते उणे ६५ च्या मध्ये असावा. उन्हाळ्यात चांगला आणि श्रावणात खराब होत असेल तर मध्ये कोणाचं कडुनिंब किंवा बाभूळ पालवली आहे का ते बघा.

अपलोड भरलं की डाउनलोडही बसतं

हे बऱ्याच जणांना पटत नाही. फाइल उतरवताना कॉम्प्युटर ‘मिळालं, मिळालं’ असे छोटे निरोप सतत वर पाठवतो. वर जाणारा रस्ता भरलेला असेल तर हे निरोप अडकतात आणि समोरचा पाठवणं हळू करतो. कोठ्यातले, गोदामातले कॅमेरे क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत असतील तर एकेक कॅमेरा २ ते ४ एमबीपीएस खातो. चार कॅमेरे आणि १० चं अपलोड, म्हणजे रस्ता बंद. कॅमेरे दहा मिनिटं बंद करून मोजा. फरक पडला तर रेकॉर्डिंग मेमरी कार्डवर घ्या किंवा क्वालिटी उतरवा. मोबाइलमधले फोटो बॅकअपही रात्री वायफायला येताच हेच करतात.

राउटरमध्ये ‘बँडविड्थ कंट्रोल’ किंवा ‘क्यूओएस’ चालू असेल तर बंद करून बघा. जुना ५० चा प्लॅन असताना कोणी ५० ची मर्यादा घातलेली असते आणि प्लॅन १५० चा झाला तरी ती तशीच राहते.

मागचं बारीक छिद्र पिनेने दाबून रीसेट करणं अगदी शेवटी, तेही नेटवाल्याचा यूजरनेम आणि पासवर्ड वहीत लिहून घेतल्यावरच. ते पुसलं गेलं आणि नेटवाला तालुक्याला गेलेला असला तर स्लो का होईना असलेलं नेटही जातं.

दोष नेटवाल्याकडे असेल तर

फायबरच्या डब्याला तपासणीच्या कॉर्डने थेट कॉम्प्युटर लावा, मधलं स्वतःचं राउटर काढून. इथे पूर्ण स्पीड मिळाला तर दोष तुमच्या राउटरचा. इथेही कमी असेल तर तीन दिवस सकाळी ६ ला आणि रात्री ९ ला मोजा. सकाळी ९० आणि रात्री १२ असं रोज येत असेल तर गावाबाहेर जाणारी सामाईक लाइन अपुरी पडते आहे. तुमच्या घरात बदलण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग तोंडी न सांगता कंपनीच्या तक्रार क्रमांकावर किंवा ॲपवर नोंद करा आणि डॉकेट नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, वहीत लिहा. तक्रारीत इतकंच हवं: प्लॅन किती, वायरने थेट डब्यावर मोजलेले सकाळ-रात्रीचे आकडे तारखांसह, लिंक स्पीड, आरएक्स पॉवर आणि ८.८.८.८ च्या पिंगमध्ये ५० पैकी किती हरवले. हे आकडे दिले की ‘राउटर बंद करून चालू करा’ हे उत्तर देता येत नाही. ट्रायच्या (दूरसंचार नियामक संस्थेच्या) नियमांत तक्रारीचे दोन टप्पे आहेत. डॉकेट नंबरवर काम झालं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याचा ईमेल कंपनीच्या वेबसाइटवर असतो, आणि अपिलात तो डॉकेट नंबर लिहावाच लागतो.